डॉक्टर नसलेल्या आरोग्यमंत्री

वर्धा : खातेवाटपाची यादी जाहीर झाली की दोन-चार दिवस एकच चर्चा रंगते. ज्याने कधी नांगर धरला नाही त्याच्याकडे कृषी खाते कसे, वकिलाकडे पाटबंधारे कशासाठी, आणि डॉक्टर असलेल्या आमदाराला नेमके क्रीडा खातेच का मिळाले, असे प्रश्न पानटपरीपासून संपादकीय पानापर्यंत विचारले जातात. जुलै २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरत असताना केंद्रातील आरोग्य खाते कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. हर्षवर्धन यांच्याकडून काढून डॉक्टर नसलेल्या मनसुख मांडविया यांच्याकडे देण्यात आले, तेव्हा हा वाद अधिकच तापला. जून २०२४ मध्ये मांडविया यांच्या जागी आलेले जगत प्रकाश नड्डा हेही डॉक्टर नव्हेत.

या वादात बोलण्याचा अधिकार वर्धा जिल्ह्याला इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. वर्धा शहरापासून आठ किलोमीटरवरील सेवाग्राम आश्रमाने देशाला दोन केंद्रीय आरोग्यमंत्री दिले. त्यांपैकी डॉ. सुशीला नायर हाडाच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या आधी, स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवसापासून सुमारे दहा वर्षे आरोग्य खाते सांभाळणाऱ्या राजकुमारी अमृत कौर यांनी मात्र वैद्यकशास्त्राचे एकही पुस्तक परीक्षेसाठी वाचले नव्हते. त्यांनी उभारलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आजचे ‘एम्स’, सर्वांच्या परिचयाची आहे. ती उभारणाऱ्या बाईंचे नाव मात्र सेवाग्रामला येणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

२ फेब्रुवारी १८८७ रोजी लखनौ येथे त्यांचा जन्म झाला. वडील राजा हरनामसिंग हे कपूरथळा संस्थानच्या राजघराण्यातले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे त्यांचा गादीशी संबंध तुटला आणि ते संस्थानाबाहेर पडले. आई प्रिसिला या बंगाली ख्रिस्ती धर्मोपदेशक गोलकनाथ यांच्या कन्या. भावंडांत अमृत ही एकुलती एक मुलगी. तिला शिक्षणासाठी इंग्लंडला डॉर्सेटमधील शेरबोर्नच्या शाळेत पाठवण्यात आले. तेथे अभ्यासाबरोबरच मैदानी खेळांत तिने नाव मिळवले. टेनिसची रॅकेट तर पुढे अनेक वर्षे हातातून सुटली नाही.

गोपाळ कृष्ण गोखले हे राजा हरनामसिंग यांचे स्नेही. राजकारणाची पहिली ओढ राजकुमारींना त्यांच्यामुळे लागली. १९१९ मध्ये मुंबईत गांधीजींची भेट झाली. त्याच वर्षी जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि पंजाबातील अनेक सुखवस्तू घरांची ब्रिटिश राज्यावरची श्रद्धा उडाली, तशी याही घराची उडाली. परंतु वडील हयात असेतो घर सोडणे शक्य नव्हते. त्या काळात त्यांनी पडदापद्धती, बालविवाह आणि स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर काम केले. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत राजकुमारी होत्या आणि पुढे त्या परिषदेच्या अध्यक्षही झाल्या. १९३० मध्ये वडील निवर्तले. त्यानंतर त्यांचा मार्ग मोकळा झाला आणि १९३४ च्या सुमारास त्या गांधीजींच्या आश्रमीय परिवारात सामील झाल्या.

शिमल्याच्या समरहिल भागातील ‘मॅनरव्हिल’ हा प्रशस्त बंगला सोडून वर्ध्याच्या उन्हात येऊन राहणे म्हणजे काय, हे मे महिन्यात एकदा तरी सेवाग्रामला गेलेल्या वाचकास सांगावयास नको. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहावयास आले. जमनालाल बजाज यांच्या मालकीच्या जमिनीवर हा आश्रम वसला आणि १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्याने आश्रमाची परीक्षाच पाहिली. मीराबेन विषमज्वराने आजारी पडल्या, गांधीजींना हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात हलवावे लागले. आश्रमातील दिनक्रमात शौचालयाची सफाई, पाणी उकळणे, रुग्णसेवा यांना प्रार्थनेइतकेच स्थान होते. कुष्ठरोगामुळे समाजाने दूर लोटलेले परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत. तिकडे वर्ध्याजवळच दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरुग्णांची सेवा आरंभली होती.

राजकुमारींनी अनेक वर्षे गांधीजींच्या सचिवाचे काम केले. महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल यांच्याबरोबर त्या पत्रव्यवहार पाहत. देशभरातून येणाऱ्या पत्रांत राजकारणाइतकेच आजारपण, आहार, बाळंतपण आणि ब्रह्मचर्य यांविषयीचे प्रश्न असत. भावी आरोग्यमंत्र्यांची शाळा असेल तर ती हीच. ती काही वैद्यकीय शाळा नव्हती, आणि तिच्यातले सगळेच धडे बरोबर होते असेही नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. त्याकडे नंतर येऊ.

१९४२ च्या आंदोलनात शिमल्यात मिरवणुका काढताना त्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास भोगला. पुढे घटना समितीवर त्या निवडून आल्या त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे वर्धा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतातून. दादा धर्माधिकारी आणि डॉ. पंजाबराव देशमुख हे त्याच प्रांताचे त्यांचे सहकारी. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पं. नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांनी आरोग्य खात्याची शपथ घेतली. त्या मंत्रिमंडळातील त्या एकमेव महिला होत.

त्या पहिल्या मंत्रिमंडळाकडे तज्ज्ञतेच्या चष्म्यातून पाहिले तर मोठी गंमत दिसते. कायदा खाते डॉ. आंबेडकरांकडे होते, त्याहून योग्य निवड कोणती असणार? मात्र याच डॉ. आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे व वीज यांचे धोरण आखले होते, आणि ते काही इंजिनीअर नव्हते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ हे वकील. त्यांच्याकडे बांधकाम, खाणी व वीज ही खाती आली. १९५० मध्ये अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. त्यांच्या तज्ज्ञतेविषयी शंका कोणाला नव्हती, पण १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो मुंबईच्या प्रश्नावर. आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषी खाते सांभाळणारे पंजाबराव यांच्या नावामागील ‘डॉक्टर’ ही पदवी वैदिक वाङ्मयातील धर्मावरच्या ऑक्सफर्डमधील प्रबंधाची होती. दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवणाऱ्या या मंत्र्याला शेतकऱ्यांनी त्याच्या पदवीचा विषय कधी विचारला नाही.

राजकुमारींच्या हाती आलेले खाते दिसायला मोठे आणि अधिकाराने तोकडे होते. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा प्रांतांचा विषय, पुढे राज्यघटनेनेही तो राज्यांच्या यादीत ठेवला. केंद्रीय मंत्र्याच्या हाती उरत होते ते राष्ट्रीय मोहिमांना पैसा मिळवणे, राष्ट्रीय संस्था उभारणे, परदेशी मदत आणणे आणि राज्यांना समजावणे. फाळणीमुळे निर्वासितांच्या छावण्या भरून गेल्या होत्या आणि तेथे पटकीची भीती होती. देशात सुमारे ४७ हजार डॉक्टर आणि अवघ्या सात हजारांच्या आसपास परिचारिका होत्या. सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, असे ते प्रमाण. सरासरी आयुर्मान सत्तावीसच्या आगेमागे.

हे आकडे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातले. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा तो आराखडाच मानला जातो. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकात जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. तेही डॉक्टर नव्हते. मात्र समितीत डॉक्टर भरपूर होते आणि जगभरातील तज्ज्ञांचा सल्ला तिने घेतला होता. राजकुमारींनी हा अहवाल हाती धरला. प्रत्येक नव्या मंत्र्याला स्वतःची नवी समिती नेमण्याचा मोह होतो, तो त्यांनी या बाबतीत टाळला हे विशेष.

हिवतापाचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. मुंबई प्रांतातील धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरोघरी डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात येतो हे दाखवून दिले होते. प्रयोग डॉक्टरांचा, पुरावा डॉक्टरांचा. तो देशभर नेण्यासाठी पैसा आणि राज्यांची संमती मिळवणे हे मंत्र्याचे काम, आणि ते झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. पुढे ढिलाई झाली, डासांनी डीडीटी पचवले आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला, परंतु तोवर राजकुमारी हयात नव्हत्या.

क्षयरोगावरील बीसीजी लसीची मोहीम १९४८ मध्ये सुरू झाली. तिला खरा धक्का बसला तो १९५५ मध्ये, आणि तोही घरातूनच. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या लसीच्या विरोधात पुस्तिका लिहून जाहीर मोहीम उघडली. राजाजी म्हणजे माजी गव्हर्नर जनरल, मद्रासचे माजी मुख्यमंत्री आणि गांधीजींचे व्याही. आरोग्यमंत्री डॉक्टर नव्हत्या, आक्षेप घेणारेही डॉक्टर नव्हते. अशा वेळी वडीलधाऱ्याचा मान राखून मोहीम गुंडाळणे सोपे होते. राजकुमारींनी क्षयरोगतज्ज्ञांची बाजू उचलून धरली आणि लसीकरण थांबवले नाही. या लसीच्या परिणामकारकतेविषयी पुढच्या काळात शास्त्रज्ञांमध्येच मतभेद झाले, विशेषतः प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून ती कितपत वाचवते याबद्दल. लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून तिने मिळणारे संरक्षण मात्र मान्य झाले आणि ही लस भारतात नवजात बालकांना देण्याची पद्धत रूढ झाली.

गांधीजींच्या सचिव असल्यामुळे त्या आयुर्वेद आणि निसर्गोपचार यांना झुकते माप देतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. ती त्यांनी पुरी केली नाही. देशी आणि आधुनिक वैद्यक यांचा एकत्र मेळ घालावा, अशी शिफारस कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९४८ मध्ये केली, तरी सरकारी आरोग्यसेवेचा पाया आधुनिक वैद्यकाचाच राहिला. यावरून आश्रमीय मंडळींतही नाराजी होती.

त्यांच्या कारकिर्दीचे शिखर अर्थातच दिल्लीतील आयुर्विज्ञान संस्था. अशा राष्ट्रीय केंद्राची कल्पना भोर समितीची. पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न होता. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने दहा लाख पौंड दिले आणि १९५२ मध्ये पायाभरणी झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये राजकुमारींनी लोकसभेत विधेयक मांडले. त्यांनी हाती लिखित भाषण न घेता ते मांडले, असे सांगतात. विधेयकातील तरतुदी पाहिल्या म्हणजे या बाईंना मंत्रिपदाचे मर्म किती नेमके उमगले होते ते कळते. ही संस्था खात्याचा एखादा विभाग म्हणून चालणार नव्हती. तिला स्वायत्तता होती, स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याचा आणि स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार होता. येथील अध्यापकांनी खासगी व्यवसाय करावयाचा नाही, पूर्ण वेळ अध्यापन, संशोधन आणि रुग्णसेवेला द्यावयाचा, हे तत्त्व आरंभापासून पाळले गेले. मंत्रालयातील फाइल अडली म्हणून प्रयोगशाळा अडू नये, अशी ती रचना होती. आपल्या खात्याचा हात आपणच आखडून घेणारे मंत्री आजही शोधावे लागतील. संस्थेचे पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे मूळचे अमरावतीचे, शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित संशोधक. राजकुमारी संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

येथवरची हकीकत वाचून मंत्र्याला विषयाचे ज्ञान नसले तरी चालते, असा निष्कर्ष कोणी काढू लागला तर त्याला कुटुंबनियोजनाचे प्रकरण दाखवावे लागेल. या कथेचा आरंभही वर्ध्यातच आहे.

डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्याला आल्या. दोन दिवस चर्चा झाली. गांधीजींचा भर संयमावर होता, कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. फार तर स्त्रीच्या मासिक चक्रातील सुरक्षित दिवस पाळण्यास त्यांचा विरोध थोडा सौम्य होता. सँगर तेथून पुढे त्रिवेंद्रमला महिला परिषदेच्या अधिवेशनास गेल्या आणि परिषदेने संततिनियमनाच्या बाजूने कौल दिला. मुंबईत तर र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. कर्वेही डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांना नोकरी गमवावी लागली.

सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला, तो राजकुमारींच्याच कारकिर्दीत, पहिल्या पंचवार्षिक योजनेत. पण मंत्र्यांचे मन त्यात नव्हते. नियोजन मंडळ आणि मुंबईतील कुटुंबनियोजन संघाच्या धन्वंती रामा राव साधनांचा पुरस्कार करीत असताना राजकुमारींनी जागतिक आरोग्य संघटनेची मदत घेऊन केवळ सुरक्षित दिवसांच्या पद्धतीचा प्रयोग लावला. त्यासाठी डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवावा आणि मण्याच्या रंगावरून दिवस ओळखावा, अशी ती योजना. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ती टिकली नाही. पहिल्या योजनेत या कार्यक्रमासाठी असलेल्या ६५ लाख रुपयांपैकी बराच पैसा खर्चच झाला नाही. हिवताप आणि क्षयाच्या बाबतीत तज्ज्ञांपुढे मान तुकवणाऱ्या याच मंत्र्यांनी येथे तज्ज्ञांना मागे ठेवले. कारण उघड आहे. डीडीटीविषयी त्यांचे पूर्वीचे काही मत नव्हते, त्यामुळे त्यांनी विचारले आणि ऐकले. संततिनियमनाविषयी त्यांचे मत वर्ध्याच्या दिवसांपासून पक्के होते, म्हणून विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. पाच मोलाची वर्षे त्यात गेली. ती ज्या स्त्रियांची गेली त्यांच्या दारी कोणताच तज्ज्ञ पोचला नव्हता.

दुसरा आक्षेप सेवाग्रामच्या मातीतूनच येतो. भोर समितीने राष्ट्रीय संस्थेइतकाच, किंबहुना अधिक भर ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दिला होता. ही केंद्रे ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूह विकास योजनेबरोबर कोठे उघडू लागली, आणि तीही तुटपुंजी. खेड्यात राहून काम केलेल्या मंत्र्यांनी राजधानीत भव्य संस्था आधी उभी करावी, हे कोड्यात टाकणारे आहे. चांगले शिक्षक घडल्याशिवाय चांगले डॉक्टर घडणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण दिल्लीत घडलेला डॉक्टर देवळी-पुलगावच्या बाजूला येईलच, याची हमी त्यात नव्हती आणि अनुभवही तसाच आला.

१९५० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई व्यक्ती ठरल्या. भारतीय रेडक्रॉसचे अध्यक्षपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. परिचारिकांच्या प्रश्नाकडे त्यांचे विशेष लक्ष होते. दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. १९५७ च्या निवडणुकीनंतर मंत्रिपद गेले, राज्यसभेचे सदस्यत्व राहिले. शिमल्याचा ‘मॅनरव्हिल’ बंगला त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी आयुर्विज्ञान संस्थेला देऊन टाकला. संस्थेतील कर्मचाऱ्यांना आणि परिचारिकांना सुटीत विश्रांतीसाठी जागा असावी, हा हेतू. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ख्रिस्ती असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे यमुनातीरी दहनसंस्कार झाला.

त्या दिवशी देशाच्या आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर. लेडी हार्डिंग महाविद्यालयाच्या एम. डी., पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण, आणि १९३९ पासून सेवाग्रामचे अनुभव. पटकीच्या साथीशी त्यांनी येथेच झुंज दिली होती. तज्ज्ञ मंत्री म्हणतात ती हीच. त्यांच्या कारकिर्दीत, १९६५ मध्ये, लूपची मोहीम देशभर निघाली. आरंभी ती जोरात चालली. नंतर रक्तस्राव आणि इतर तक्रारी घेऊन स्त्रिया परत येऊ लागल्या, त्यांना तपासण्यासाठी पुरेशा डॉक्टर व परिचारिका खेड्यांत नव्हत्या, आणि दोन-तीन वर्षांत मोहीम बसली. मंत्र्यांच्या पदव्यांनी ती उणीव भरून निघाली नाही.

१९६७ मध्ये मंत्रिपदावरून दूर झाल्यावर डॉ. नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. ग्रामीण भागातील देशातले हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. ३ जानेवारी २००१ रोजी त्यांनी याच परिसरात देह ठेवला. शरीररचनाशास्त्राचे पहिले प्रात्यक्षिक करण्यापूर्वी या महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवस आश्रमात राहावे लागते. सूत कातणे, प्रार्थना आणि सफाई हा त्यांचा पहिला अभ्यासक्रम. त्यानंतर एखादे गाव दत्तक घेऊन तेथील घराघरांत जावयाचे असते.